दहा बाय बारा खोलीतला उजेड : व्यक्तिचित्रणाच्या नोंदी

२ जून २०२४, रविवार

मागची खोली रिकामी केली. पलंग उभा करून भिंतीला टेकवला, कपाटाच्या आरशावर चादर टाकली आणि फीत घेऊन मापे टिपली : बारा फूट लांबी, दहा फूट रुंदी, छताची उंची साडेनऊ फूट, उत्तरेला चार बाय चारची एक खिडकी. भिंतींचा रंग पिस्ता आहे. सहा वर्षांपूर्वी तो मीच हौसेने निवडला होता, त्यामुळे दोष देण्यासाठी दुसरे कोणी नाही.

प्रकल्प असा आहे की गणपतीपूर्वी या एकाच खोलीत एकाच व्यक्तीची काही प्रयोगशील व्यक्तिचित्रे टिपायची, आणि साधने घरात आहेत तेवढीच वापरायची. कॅमेरा, ३५ व ५० मिलिमीटरच्या दोन लेन्स, एक फ्लॅश, त्याचा उजेड पसरवणारी एक पांढरी छत्री, दोन स्टँड आणि ट्रायपॉड एवढेच सामान आहे. व्यक्ती म्हणजे माझी आत्या. प्राथमिक शाळेत तिने अनेक वर्षे पहिलीचा वर्ग सांभाळला आणि आता ती आमच्या इमारतीतच खालच्या मजल्यावर राहते. दर रविवारी सकाळी दोन तास देण्याचे तिने कबूल केले आहे, मात्र साडेदहाच्या चहाला उशीर चालणार नाही, ही अट घालून.

पहिला दिवस मोजमापांतच गेला. प्रकाशाचा स्रोत दुप्पट दूर गेला की उजेड चौपट कमी होतो, हा नियम पाठ असला तरी स्वतःच्या खोलीत तो कधी तपासला नव्हता. छत्री चेहऱ्यापासून दोन फुटांवर आणि मागची भिंत छत्रीपासून आठ फुटांवर ठेवली, म्हणजे अंतर चौपट झाले आणि हिशेबाने भिंतीवर चेहऱ्याच्या एक षोडशांश उजेड, अर्थात चार स्टॉपचा फरक पडायला हवा होता (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे). उजेड मोजण्यासाठी वापरतात ते करडे कार्ड दोन्ही ठिकाणी धरून मोजले, तर फरक दोन स्टॉपचाच निघाला. पुन्हा मोजले, तरी दोनच. पांढऱ्या छताने आणि पिस्ता भिंतींनी फ्लॅशचा उजेड इकडून तिकडे टोलवून उरलेली दरी भरून काढली होती. आत्याच्या सावलीतल्या गालावर हिरवट झाक उतरली होती, ती याच कारणाने.

नियम खोटा नाही. तो एका बिंदूतून निघणाऱ्या आणि वाटेत कुठेही न आपटणाऱ्या उजेडाचा आहे. माझ्या खोलीत प्रत्येक भिंत हा एक जास्तीचा दिवा आहे, आणि त्यांतला एकही मला बंद करता येत नाही.

९ जून, रविवार

फ्लॅश बाजूला ठेवून फक्त खिडकी. उत्तरेच्या खिडकीतून ऊन येत नाही, म्हणून चित्रकार आणि छायाचित्रकार ती पसंत करतात, असे सर्वत्र वाचायला मिळते. सकाळी आठ वाजता आत्याला खिडकीजवळ बसवले, तर तिच्या कानामागून पश्चिमेच्या भिंतीवर उन्हाचा लख्ख पट्टा पडलेला होता. हे वाचलेले नियम युरोपातल्या अक्षांशांचे आहेत. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तरेला असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि सकाळी तर तो पूर्वेपासून बराच उत्तरेला सरकून उगवतो. आमच्याकडे जूनमधली उत्तरेची खिडकी ही उन्हाची खिडकी आहे, आणि हे आमच्या घरातल्या वाळवणाला माझ्याआधी माहीत होते.

उपाय म्हणून आजोबांचे जुने धोतर खिडकीच्या चौकटीवर ताणून बसवले. एका पदराने साधारण एक स्टॉप उजेड गेला, पण पट्टा विरघळून संपूर्ण खिडकी एकसारखी उजळली. हे धोतर नीळ देऊन धुतलेले असल्याने प्रकाशाला किंचित निळसर छटा आली, ती करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स (प्रकाशाची रंगछटा सुधारण्याची कॅमेऱ्यातली सोय) घेऊन काढता आली. छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५० च्या दशकात, स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकावर पांढरे कापड ताणले आणि खालून सोडलेला दिव्यांचा झोत त्यावरून परतवून आकाशाचा उजेड घडवला. त्या युक्तीपुढे माझे धोतर ही फारच मामुली गोष्ट, परंतु मूळ कल्पना तीच आहे की उजेड थेट न घेता एखाद्या मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागाकडून घ्यावा.

आजची छायाचित्रे सुंदर आली आणि मला मुळीच आवडली नाहीत. सर्व बाजूंनी मऊ उजेड आल्यामुळे आत्याच्या चेहऱ्यावरची एकही रेषा ठामपणे उभी राहत नाही. तिला मात्र ती आवडली. दहा वर्षे कमी दिसतात म्हणाली.

२३ जून, रविवार

गेल्या रविवारी पाहुणे होते. आजचा विषय उजेड कमी करण्याचा.

प्रथम काळे अस्तराचे कापड आणले होते, मीटरने मिळणारे, स्वस्त. ते पाठीमागे टांगले तेव्हा घड्यांवर खिडकी चमकू लागली. कापड काळे असूनही गुळगुळीत असल्यामुळे तिरप्या कोनातून ते आरशासारखे वागते. मग माळ्यावरचे काळे घोंगडे आठवले. दख्खनी मेंढीच्या नैसर्गिक काळ्या लोकरीचे, न रंगवलेले, हाताला टोचणारे. त्याचा प्रत्येक केस वेगळ्या दिशेला उभा असल्याने आलेला उजेड त्या जंगलात अडकतो आणि फारच थोडा परत फिरतो. छायाचित्रणाच्या दुकानात काळ्या मखमलीला बरेच पैसे मोजावे लागतात. घोंगडे त्याच तत्त्वावर काम करते आणि वर थंडीतही उपयोगी पडते.

एक घोंगडे पाठीमागे टांगले आणि दुसरे, शेजाऱ्यांकडून मागून आणलेले, स्टँडवर टाकून आत्याच्या सावलीतल्या गालापासून फूटभर अंतरावर उभे केले. खिडकीकडचा गाल आणि सावलीतला गाल यांत आधी जेमतेम सव्वा स्टॉपचा फरक होता, तो तीन स्टॉपवर गेला; हिरवट झाक पूर्ण गेली. सावलीतल्या डोळ्याखाली उजेडाचा लहानसा त्रिकोण हवा असेल, ज्याला डच चित्रकार रेम्ब्राँच्या नावाने ओळखतात, तर आत्याचे नाक खिडकीपासून साधारण पंचेचाळीस अंश वळलेले असावे लागते आणि खिडकीचा खालचा अर्धा भाग झाकावा लागतो, नाहीतर उजेड वरून न येता समोरून येतो. खालच्या अर्ध्यावर वर्तमानपत्र लावले. त्रिकोण उमटला.

एक किरकोळ अपघात : पंख्याच्या वाऱ्याने घोंगडे फुगले आणि स्टँड आडवा झाला. कोणाला लागले नाही. यापुढे प्रत्येक स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी.

३० जून, रविवार

चष्मा. आत्या चष्म्याशिवाय स्वतःला ओळखत नाही, त्यामुळे तो काढून ठेवण्याचा पर्याय नव्हता. काचेवर खिडकी दिसते, कारण प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परावर्तित होतो आणि कॅमेरा नेमका त्या परतीच्या वाटेवर उभा असतो. तीन गोष्टी एकत्र केल्या तेव्हा काचा स्वच्छ झाल्या : खिडकीचा उघडा भाग आणखी वर नेला, आत्याने हनुवटी बोटभर खाली घेतली, आणि चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित उचलून ठेवल्या, म्हणजे काचा जमिनीकडे झुकल्या. शेवटची युक्ती बाजूने पाहताना हास्यास्पद दिसते, पण समोरून कळत नाही.

अंतराचाही आज निकाल लागला. ३५ ची लेन्स लावून अडीच फुटांवरून घेतलेल्या चित्रात नाक पुढे आले आणि कान मागे लपले. ५० ची लावून सहा फुटांवर गेलो तेव्हा चेहरा आत्याचा झाला. लेन्स बदलल्यामुळे चेहरा बदलतो असे म्हटले जाते, परंतु बदल अंतरामुळे होतो. सहा फुटांवरून ३५ ने घेऊन मधला भाग कापला, तरी नाकाचे प्रमाण तेच राहिले. सहा फूट हे अंतर कायम ठरवून खुर्ची आणि ट्रायपॉड यांच्या जागी फरशीवर टेपच्या चार खुणा केल्या.

७ जुलै, रविवार

ढग इतके दाट होते की खिडकी निरुपयोगी झाली. स्वयंपाकघरातला एलईडी बल्ब छत्रीत लावून पाहिला. १/२०० सेकंदाला, आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावले असता, चेहऱ्यावर आडवे काळसर पट्टे आले. विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तनांचा, त्यामुळे स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो आणि कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर ओळीओळीने वाचला जात असताना प्रत्येक ओळीच्या वाट्याला वेगळा उजेड येतो. शटर १/५० वर आणताच पट्टे नाहीसे झाले. त्वचेचा रंग मात्र मातकटच राहिला; अशा बल्बांच्या प्रकाशात गडद लाल रंग फार थोडा असतो, आणि तो नंतर संगणकावर घालता येत नाही. बल्ब परत स्वयंपाकघरात.

१४ जुलै, रविवार

काचेमागचा चेहरा. जुन्या मोठ्या फ्रेमची काच दोन स्टँडांच्या मध्ये चिमट्यांनी बसवून तिच्यावर पाणी फवारले. नुसते पाणी दोन मिनिटांत ओघळून जाते. निम्मे ग्लिसरीन मिसळल्यावर थेंब जागच्या जागी बसून राहिले. एफ/२ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडून, थेंबांवर फोकस केल्यास मागे आत्या म्हणजे केवळ एक तपकिरी डाग होतो, आणि तिच्या डोळ्यांवर केल्यास थेंबांची धूसर वर्तुळे होतात. दुसरा प्रकार बरा वाटला. तरीही चित्र पाहताना आधी तंत्र दिसते आणि मग माणूस, त्यामुळे ही वाट मी सोडून देत आहे. पावसाळ्यात पावसाच्या थेंबांचे चित्र काढण्यात कल्पकता ती किती, असेही वाटले.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. आत्याकडे जुने विद्यार्थी आले होते; काम नाही. त्यांच्यापैकी एकाने तिला एक दगडी पाटी भेट दिली, लाकडी चौकटीची. पाटी मी काही दिवसांसाठी मागून घेतली आहे. अजून कशासाठी ते नक्की नाही.

२८ जुलै, रविवार

गुरुवारी, २५ तारखेला, पुण्यात मुसळधार पाऊस झाला. नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. आमच्याकडे फक्त वीज गेली, परंतु दमटपणा एवढा वाढला की घोंगड्यांना वास येऊ लागला आणि लेन्सला बुरशी लागण्याच्या भीतीने दोन्ही लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवाव्या लागल्या.

खिडकी पूर्ण झाकून, अंधारात, टॉर्चने चेहरा रंगवण्याचा प्रयोग केला. शटर आठ सेकंद, छिद्र लहान म्हणजे एफ/८, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००. मोबाइलच्या टॉर्चला काळ्या कागदाची नळी बसवली, म्हणजे झोत रुपयाएवढा राहतो, आणि ब्रशने रंग द्यावा तसा तो कपाळावरून गालाकडे फिरवला. डोळे पहिल्या सेकंदातच उजळून घ्यावेत, कारण त्यानंतर ते मिटतात किंवा हलतात. आठ सेकंद स्थिर राहणे सोपे नाही. एकोणिसाव्या शतकात स्टुडिओंत डोके मागून धरून ठेवणारा लोखंडी आकडा का असे, ते आज समजले. मी आत्याला उंच पाठीची खुर्ची दिली आणि डोके टेकवायला सांगितले.

१८१५ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो १८६३ च्या अखेरीस, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, आणि इंग्लंडमधल्या आइल ऑफ वाइट बेटावर त्यांनी आपल्या घरचे कोंबड्यांचे काचेचे खुराडे रिकामे करून त्याचा स्टुडिओ केला. त्यांच्या चित्रांतले चेहरे थोडे हललेले, थोडे धूसर आहेत; समकालीनांनी त्यावर टीका केली आणि त्यांनी ती मनावर घेतली नाही. मी आजच्या चौदा चित्रांपैकी हललेली अकरा पुसून टाकायला निघालो होतो. ती आता ठेवली आहेत, आणि त्यांतल्या एकात आत्या काहीतरी बोलायच्या बेतात आहे असे दिसते.

४ ऑगस्ट, रविवार

एकाच चौकटीत दोन एक्स्पोजर, म्हणजे एकावर एक टिपलेली दोन चित्रे. कॅमेऱ्यात ही सोय आहे आणि तिच्यात बेरजेचा प्रकार निवडता येतो : पहिल्या चित्राचा उजेड तसाच राहतो आणि त्यावर दुसऱ्याचा चढतो. पांढऱ्यावर काही चढत नाही, कारण ते आधीच भरलेले असते. काळ्यावर मात्र सारे काही चढते. धोतराने झाकलेल्या उजळ खिडकीसमोर आत्याची बाजूने काळी आकृती घेतली आणि दुसरे एक्स्पोजर म्हणून आजोबांच्या मोडीतल्या खतावणीचे पान. कल्पना माझ्या मनात फार सुरेख होती. प्रत्यक्षात पानाच्या पिवळट कागदाने आकृतीचा सगळा काळेपणा भरून टाकला, शाईच्या बारीक रेषा त्यात बुडाल्या, आणि आत्याचे नाक कुठे संपते आणि खिडकी कुठे सुरू होते ते कळेनासे झाले.

चूक साधी होती. मी शाई चढवायला गेलो होतो, पण शाई म्हणजे उजेडाचा अभाव. चढला तो कागद. ज्यात अक्षर उजळ आणि पृष्ठभाग काळा असेल असे काही हवे.

पाटी टेबलावरच होती.

११ ऑगस्ट, रविवार

आजवरचा सर्वांत कामाचा दिवस. नोंद सविस्तर.

काळी आकृती सोडून दिली आणि २३ जूनच्या मांडणीकडे परतलो : पाठीमागे घोंगडे, सावलीच्या बाजूला घोंगडे, खिडकीच्या वरच्या अर्ध्यातून उजेड. चेहऱ्याचा एक भाग स्पष्ट, दुसरा जवळजवळ काळा. अक्षरे त्या काळ्या भागावर उमटवायची होती. तुलनेसाठी घोंगडे काढूनही एक चित्र घेतले. त्यात भिंतींचा पिस्ता उजेड सावलीत आधीच पसरलेला असल्यामुळे अक्षरे दुधात लिहिल्यासारखी आली. उजेड काढून टाकण्याचा जो खटाटोप जूनमध्ये केवळ गालाच्या रेषेसाठी केला होता, त्यानेच आज लिहायला जागा करून दिली.

पाटीवर काय लिहायचे हा प्रश्न मी आत्यापुढे ठेवला आणि ओव्यांपासून सुभाषितांपर्यंत काही सुचवलेही. तिने माझ्याकडे दुर्लक्ष करून ‘ग म भ न’ लिहिले. तिच्या प्रत्येक वर्गाची सुरुवात या चार अक्षरांनी झाली होती, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि चित्राच्या दृष्टीनेही ती योग्य निघाली : मोठी, सुटी आणि दुरून वाचता येणारी. पाटीची पेन्सिल राखाडी उमटते म्हणून खडू ओला करून वापरला. वाळल्यावर तो पांढराशुभ्र दिसतो. कोरड्या फडक्याने पुसलेल्या पाटीवर भुरकट थर उरतो आणि तोही दुसऱ्या एक्स्पोजरमध्ये चढतो, म्हणून प्रत्येक वेळी ओल्या फडक्याने पुसून ती वाळू दिली. पाटीचे एक्स्पोजर चेहऱ्यापेक्षा एक स्टॉप कमी ठेवले, नाहीतर अक्षरे चेहऱ्यावर न बसता पुढे तरंगतात.

एकतीस प्रयत्नांत चार चित्रे जमली. एकात ‘ग’ कपाळाच्या सावलीत, ‘म’ कानाजवळ, ‘भ’ नाकाच्या कडेला आणि ‘न’ हनुवटीखाली आहे. चहाला पंचवीस मिनिटे उशीर झाला आणि आत्याने त्याचा उल्लेख केला नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

निवडलेल्या चित्राच्या आठ बाय बाराच्या प्रती छापून आणल्या. फार गडद आल्या. सावलीतले घोंगडे आणि केस एकच झाले. दोष छपाईचा नाही. माझा मॉनिटर पूर्ण तेजावर असतो आणि कागद स्वतः उजळत नाही. मॉनिटरचे तेज निम्म्यावर आणून चित्र पुन्हा पाहिले तेव्हा ते छापलेल्या प्रतीसारखेच दिसले. सावल्या पाऊण स्टॉप उचलून दुसरी प्रत काढली. ती ठीक आली.

ही प्रत आत्याला दाखवली. तिने चष्मा नाकावर पुढे ओढून बराच वेळ पाहिले. चेहऱ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. मग ‘भ’वर बोट ठेवून म्हणाली, “अरे, हा ‘भ’ नाही, ‘म’ झालाय. दोन ‘म’ कशाला?”

तिचे बरोबर होते. ‘भ’ची शिरोरेषा जिथे तुटते ती जागा नेमकी नाकाच्या उजळलेल्या कडेवर आली होती; त्या उजेडाने फट भरली आणि अक्षर बदलले. मी हे चित्र आठवडाभर रोज पाहत होतो.

२५ ऑगस्ट, रविवार

पुन्हा तीच मांडणी, टेपच्या खुणांमुळे वीस मिनिटांत उभी राहिली. आत्याने ‘भ’ दीडपट मोठा लिहिला आणि त्याची फट मुद्दाम रुंद ठेवली. मी पाटी दोन इंच डावीकडे सरकवली, म्हणजे पूर्ण अक्षर सावलीत बसले. नवव्या प्रयत्नात चित्र मिळाले. मागच्या चित्रातली नजर अधिक चांगली होती, हे मला मान्य आहे. आत्याला अक्षर महत्त्वाचे वाटते आणि चित्र तिचे आहे.

१ सप्टेंबर, रविवार

शनिवारी गणपती येतील आणि पाहुण्यांना खोली लागेल, त्यामुळे आज आवराआवर. आज ऊन मिळाले म्हणून दोन्ही घोंगडी गच्चीवर टाकली. शेजाऱ्यांचे संध्याकाळी परत द्यायचे आहे. धोतर धुवून ठेवले, या वेळी नीळ न देता. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेला गेलेला असेल आणि ही खिडकी खऱ्या अर्थाने उत्तरेची होईल, तेव्हा जूनचीच मांडणी धोतराशिवाय करून दोन्ही गालांतला फरक पुन्हा मोजायचा आहे. पलंग जागेवर आला आहे. टेपच्या चार खुणांपैकी दोन त्याच्याखाली गेल्या, दोन दिसत आहेत. त्या काढलेल्या नाहीत.